ओंजळभर वाळू

हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी शरदिनीकाकू वाळूच्या पिंडीचं विसर्जन करायला काशीच्या ब्रह्मा घाटावर उतरल्या. गळ्यात पालिकेचं ओळखपत्र मिरवत गल्लीतलाच निमिष आडवा आला.

"काकू, नवा नियम आहे. नदीत माती-वाळू टाकायची नाही. गाळ साचतो. जुर्माना लागेल."

त्याच्या पाठीमागे पालिकेचा पंप पुरानं पायऱ्यांवर आणून टाकलेला गाळ धुऊन गंगेत लोटत होता.

"आणि हे काय चाललंय?"

"ही तर सफाई आहे, काकू."

काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग पिंड पंपाच्या धारेसमोर ठेवली आणि ती गंगेत वाहून जाईपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या.

"आता जुर्माना तू भर. विसर्जन तुझ्या पंपानं केलंय."