साडूंची शर्यत

गाडीच्या इंजिनाचा जोर वाढवताना एसी आणि पॉवर स्टिअरिंग काढून टाकलं, तर घाटातली शर्यत जिंकून सासूबाईंची शाबासकी पदरात पडणार होती. दिगंबरनं दोन्ही काढलं.

थोरल्या साडूंनी, वसंतरावांनीही जोर वाढवला, पण दोन्ही ठेवून.

“साडूभाऊ, शर्यतीला निघालाय की वरातीला?” दिगंबरनं डिवचलं.

मेच्या उन्हात जिंकला दिगंबरच. बक्षिसाची ढाल सासूबाईंच्या हाती देऊन त्यानं ऐटीत गाडीचं दार उघडलं. “बसा, आई!”

आत भट्टी पेटल्यासारखं होतं.

“शाब्बास, जावईबापू! आता या सावकाश मागनं,” म्हणत सासूबाई ढालीसकट वसंतरावांच्या गार गाडीत बसल्या. मागोमाग दिगंबरची बायकोही.

वसंतराव एका बोटानं वळणं घेत घाट उतरले. मागे दिगंबर दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत स्वतःवरच खदाखदा हसत होता. ढाल थंडगार गाडीतून घरी पोचली. घाम तेवढा विजेत्यानं गाळला.