पुठ्ठ्याचं पॅकिंग

लोकल बोर्डाच्या डॉक्टरांची जुनाट मोटार लोणावळ्यात हौशीरामच्या दुकानापाशी थांबली, तेव्हा तिच्या आवाजानं अख्ख्या बाजारानं कान झाकून घेतले.

"मिस्त्री, कामशेतच्या पलीकडं वाडीत पटकीची साथ आलीय. हिचा आवाज कानी पडला की लोक आजारी माणसं पाठुंगळी मारून रानात पळतात. लस टोचू कुणाला? चांगल्यातलं सामान घाला, पण हिचं तोंड बंद करा."

वाडी हौशीरामचीच. टोचून घेतलं की माणूस दगावतं, असं तिथं सगळेच मानत, आणि तोही. बायकोला, धोंडाबाईला, त्यानंच बजावून ठेवलं होतं, "मोटार वाजली की पोरीला घिऊन रानात पळायचं. मागं वळून बगायचं न्हाई."

त्यानं नवा सायलेन्सर बसवला. सांध्यात पॅकिंग म्हणून भरायची, न जळणारी ॲस्बेस्टॉसची दोरी मात्र फळीवरच ठेवली आणि पुठ्ठा कापून घातला. मोटार मांजराच्या पावलांनी निघाली. कामशेत येईस्तोवर पुठ्ठा जळणार आणि ती पुन्हा बोंब मारणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. झालंही तसंच.

पंधरवड्यानं मोटार दाराशी आली, तशीच बोंबलत. हौशीरामनं पुठ्ठा आणि कात्री काढली.

"राहू द्या मिस्त्री," डॉक्टर खालीही न उतरता म्हणाले. "पेट्रोल तेवढं भरा. आवाज ऐकून पळणारं त्या वाडीत आता कुणी उरलेलं नाही."