जुन्या नकाशातली बाग

बोअरच्या मशीनचा रॉड जमिनीला टेकला तेव्हा धोंडीबा गेटवर होता. त्याने हातातला चहाचा पेला खुर्चीवर ठेवला आणि तो चालायला लागला. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला जितकं झपाझप चालता येतं, तितकं.

कोलशेतच्या खाडीकाठचा हा रंगाचा कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली होती. मशिनरी भंगारात गेली, शेड पाडल्या, आता इथे इमारती उठणार होत्या. त्याआधी माती आणि जमिनीखालचं पाणी तपासायला योगिनी आली होती. सोमवारपासून तिने अकरा ठिकाणी बोअर घेऊन नमुने काढले होते. आजचं हे शेवटचं.

सकाळी ती बिल्डरच्या माणसाला, प्रशांतला, समजावत होती, तेव्हा धोंडीबा जवळच होता. “बाकीची माती किती बिघडलीय ते ठरवायला एक चांगली जागा लागते. जुन्या नकाशात इथे बाग दाखवलीय. म्हणजे इथे कधी काही झालेलं नाही.” प्रशांतने लगेच मान डोलावली होती. धोंडीबा गप्प राहिला होता. एकतीस वर्षं तो याच कारखान्यात कामाला होता, आणि नंतर प्रशांतनेच त्याला वॉचमन म्हणून ठेवून घेतलं होतं.

“थांबवा,” तो लांबूनच म्हणाला. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. रॉड हातभर खाली गेला होता. ड्रिलर त्याच्यावर वाकून उभा होता, पायात साध्या चपला. धोंडीबाने जाऊन त्याचा हात धरला आणि दांड्यावरून काढला. मशीन बंद पडलं.

“काका, काय करताय?” प्रशांत पुढे आला.

धोंडीबा त्याच्याकडे न बघता योगिनीशी बोलला. “म्याडम, हितं नको. खाली पिंपं हायेत.”

“कसली पिंपं?”

“रंगाचा उरलेला गाळ. आन काय काय. डोळ्यांतनं पाणी यायचं नुसत्या वासानं. लोखंडी पिंपं हायेत, आता सडली असतील. रॉड लागला की फुटायची.”

ड्रिलर आपणहून चार पावलं मागे सरकला.

योगिनीने नकाशा उलगडला. “पण इथे बाग होती ना?”

“बाग वरनं लावली. तपासणीला सरकारी सायेब येणार व्हते. आठ दिवसांत खड्डे काढले, पिंपं टाकली, माती लोटली आन अबोली लावली. ती काय जगली न्हाई.”

प्रशांत हसला. “मॅडम, काकांचं वय झालंय. काहीतरी डोक्यात बसतं त्यांच्या. तुम्ही नकाशावर चाला.” मग धोंडीबाच्या खांद्यावर हात ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, “काका, जपून बोला. पिंपं पुरली कुणी, तेपण मग कागदावर येणार.”

हे धोंडीबाला ठाऊक होतं. कुणी विचारलंच तर सांगायचं उत्तर त्याने कित्येक वर्षं तयार ठेवलं होतं: साहेबांनी सांगितलं, आम्ही केलं. ते आज तोंडात येईना.

“मीच पुरली,” तो म्हणाला. “सात जण व्हतो आम्ही. किसनची कुदळ एका पिंपाला लागली आन झाकण उडालं, गाळ डोळ्यांत गेला. परत कधी दिसलं न्हाई त्याला.” त्याने ड्रिलरकडे बोट केलं. “मघाशी हा वाकला, तर मला तोच वाकल्यासारखा दिसला.”

प्रशांत मोबाईल काढून बाजूला गेला.

योगिनीने मशीनची चावी काढून खिशात टाकली. तोंडावरचा मास्क घट्ट करून ती भोकाशी उकिडवी बसली आणि हवेतला विषारी वायू मोजायचं यंत्र त्यावर धरलं. यंत्रावरचा आकडा चढला. चढतच गेला. यंत्र किंचाळायला लागलं तशी ती उठली आणि सगळ्यांना हाताने मागे लोटलं.

लांब आल्यावर तिने विचारलं, “काका, कुठून कुठपर्यंत आहेत? दाखवाल?”

“मॅडम, हे तुमच्या कामात येत नाही,” फोन कानाला तसाच धरून प्रशांत म्हणाला.

“नकाशा तुम्ही दिलेला. तो दुरुस्त करतेय.”

तिने आखणीच्या फक्कीची पिशवी धोंडीबाच्या हातात दिली. त्याने पांढरी मूठ भरली आणि भोकापासून बराच लांबून, पडक्या टाकीच्या कडेने ओळ सोडायला सुरुवात केली. मध्येच थांबायचा, आठवायचा, पुन्हा निघायचा. प्रशांत फोनवर कुणाला तरी “नवा वॉचमन” म्हणत असल्याचं त्याला ऐकू आलं. तेवढ्यापुरती ओळ वाकडी झाली. दुसऱ्या मुठीला त्याने ती सरळ केली.

योगिनी मागून पावलं मोजत, कागदावर टिपत येत होती. वीस झाली, चाळीस झाली. आणि कंपाउंडची भिंत आली. तिथे वाकलेला धोंडीबा उभा राहिला.

“इथपर्यंत?” तिने विचारलं.

भिंतीपलीकडे वस्ती होती. कुणीतरी हातपंप मारत होतं. दांड्याची करकर आणि हंड्यात पडणारं पाणी, दोन्ही स्पष्ट ऐकू येत होतं.

धोंडीबाच्या मुठीत अजून फक्की होती.

“न्हाई,” तो म्हणाला. “भिंत मागाहून बांधली.”