काळा घाणा

“शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी चिप्स वाया! म्हणे मेंदूसारखी शिकणारी चिप. उद्याच विकून मोकळ्या होऊ,” मोबाइलवरचा कंपनीचा अहवाल बंद करत शैलजा म्हणाली. भिशीच्या पैशांतून सगळ्याजणींनी मिळून या संगणक-चिप बनवणाऱ्या कंपनीचे शेअर्स घेतले होते. सगळ्यांनीच माना डोलावल्या.

कढईपाशी बसलेल्या कुमुदमावशींनी वेफर्स हलवता हलवता विचारलं, “मग त्या वाया गेलेल्यांचं काय केलं गं त्यांनी?”

“एकेक तपासली. कोणती कशानं बिघडली, ते पानंच्या पानं छापलंय. स्वतःची फजिती कुणी छापतं का?”

मावशींचा झारा थांबला. धंद्यातला पहिला घाणा काळा पडला, तेव्हा लाजेनं त्यांनी तो परसात पुरला होता. दुसराही. तिसराही. चौथा मात्र ताटात घेऊन बसल्या, एकेक वेफर चाखला, तेव्हा कुठे कळलं, की शीतगृहातला बटाटा गोड होतो आणि तळताना काळा पडतो.

“चुकलेलं ताटात घेऊन बसतो, त्याचाच मेंदू शिकतो,” कढईतला पांढराशुभ्र घाणा उपसत मावशी म्हणाल्या. “तुम्हाला विकायचेच असतील शेअर्स, तर मला विका.”