टेम्पमधला दवाखाना

“मॅडम, हा जागा नाही म्हणतोय.”

‘हा’ म्हणजे काकांचा कॉम्प्युटर. काका मॅडमच्या आर्किटेक्ट ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, पेन्सिलीच्या काळातले. त्यांच्या टेबलामागे सरळ रेघा मारायचा लाकडी टी-स्क्वेअर अजून टांगलेला असतो आणि तो ते कुणाला देत नाहीत. दवाखान्याचा नकाशा पाचच्या आत पीडीएफ करून मंजुरीसाठी सरकारी वेबसाइटवर चढवायचा होता, आणि दीड वाजता डिस्क भरली. घोडामैदान जवळ आलं आणि घोड्याने बसकण मारली.

नकाशाच्या कोपऱ्यात ‘रेखाटन’ असा एक रकाना असतो. आजवर काका पेन्सिलीने काढायचे, दुसरं कुणीतरी ते कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि रकान्यात त्या दुसऱ्याचं नाव जायचं. काकांना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं सगळे म्हणत. मॅडमही एकदा म्हणाल्या होत्या, आणि तेही काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. या दवाखान्यावर पहिल्यांदाच काकांचं नाव होतं. तीन खोल्या, व्हरांडा, चाकाच्या खुर्चीसाठी उतार. सगळं त्यांनी एकट्याने माउसवर काढलेलं.

“तुम्ही जेवून घ्या,” मॅडम म्हणाल्या. “मी बघते.”

काका डबा घेऊन गेले. मॅडम त्यांच्या खुर्चीत बसल्या. पडद्याच्या खालच्या पट्टीत ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालूच दिसत होतं. काका कधी काही बंद करत नाहीत, रोज सांगून सांगून मॅडमचा घसा बसायचा. त्यांनी डिस्क तपासली. टेम्प नावाचं, तात्पुरत्या फायलींचं फोल्डर फुगून बसलं होतं. हे सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी उघड्या नकाशाची एक नक्कल काढून तिथे टाकतं आणि मध्येच बंद पडलं की ती उचलायला विसरतं. विचित्र नावांच्या शेकडो फायली. मॅडमनी सगळ्या निवडल्या आणि कचरापेटीतही न ठेवता थेट उडवल्या. चार-पाच हट्टी निघाल्या. ‘फाइल वापरात आहे’ असं म्हणाल्या. मॅडमनी नावंही न वाचता त्या सोडून दिल्या.

झाली जागा. मॅडमना बरं वाटलं. घर आवरल्यावर वाटतं तसं.

काका रुमालाला हात पुसत आले आणि पडद्यापाशी वाकले.

“इथलं सामान कुठे गेलं, मॅडम?”

“कचरा होता काका. टाकला.”

काकांनी डबा टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, “मी सगळं इथेच ठेवतो.”

“टेम्पमध्ये? कशाला?”

“तुम्हीच दाखवलं होतं. मागे लाइट गेली, माझा जिना गेला, तेव्हा तुम्ही तो इथून काढून दिलात. म्हटलं, हरवलेलं जिथे सापडतं ती जागा भरवशाची. तेव्हापासून इथेच.”

मॅडमना तो दिवस आठवला. त्यांनीच दाखवलं होतं, खरंच. आणि घाईत पुढचं काही सांगितलं नव्हतं.

“चूक माझी आहे काका,” त्या म्हणाल्या. “न विचारता हात लावला मी. दवाखानाही त्यातच होता?”

काकांनी ‘हो’ म्हणून मान हलवली. मग चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे बघितलं. उरलेल्या हट्टी फायलींवरून त्यांचं बोट एकेक करत खाली आलं आणि शेवटच्या नावावर थांबलं. दवाखाना.

“हा राहिला की.”

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. “हा उघडा होता?”

“तुम्ही ओरडता रोज. पण बंद केली की फाइल जाते, असंच वाटतं मला. दुधाने पोळलेला माणूस.”

मॅडमना हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. “बाकीचं गेलं ना पण? जिने, खिडक्या, इतक्या महिन्यांचं सगळं.”

“ते शिकताना काढलेलं,” काका म्हणाले. “ते हातात आलंय.” आणि स्वतःच्या बोटांकडे जरा कौतुकाने बघितलं.

मॅडमनी दवाखान्यासाठी नवं फोल्डर करून दिलं. टेम्प म्हणजे काय, ते या वेळी शेवटपर्यंत समजावलं. पीडीएफ झाली. चार वाजून दहा मिनिटांनी वेबसाइटने पोच दिली. कोपऱ्यातल्या रकान्यात काकांचं नाव होतं.

सहा वाजता मॅडम पर्स उचलून निघाल्या, तर काका अजून पडद्यासमोर.

“काय राहिलं काका?”

“बंद करून बघतो एकदा.”

मॅडम दारात थांबल्या. काकांनी बाण कोपऱ्यातल्या फुलीवर नेला, थोडा वेळ तिथेच धरला आणि बटण दाबलं. पडदा रिकामा झाला.

मग त्यांनी लगेच नवं फोल्डर उघडलं, फाइलवर दोनदा टिचकी मारली आणि खुर्चीत मागे टेकले. तीन खोल्या, व्हरांडा, उतार. दवाखाना जागेवर होता.

“तुम्ही व्हा पुढे,” काका म्हणाले. “मी अजून एकदा बंद करून येतो.”