डावीकडचा पट्टा

पलटणीतनं घरी आलेल्या नाथाजीनं लष्कराच्या लिलावात जुनी पिकअप घेतली. एकाहत्तरच्या लढाईतली गाडी; समोरची डावीकडची काच तेवढी फुटल्यावर नवी बसवलेली, कोरी. खंडेनवमीच्या सकाळी त्यानं तिला दोन खांदापट्टे बसवले. एक स्वतःच्या मापाचा. दुसरा बायकोच्या, अंजनाच्या मापानं तिसऱ्या भोकात अडकवून ठेवलेला.

"बैलागत बांधून घेतूस व्हय रं?" पारावरनं लालासाहेब ओरडला. निम्मं औंध हसलं.

नाथाजीला ते लय झोंबलं. "खाली हुबं ऱ्हावा अन् बघा," म्हणत तो एकटाच गाडी घेऊन यमाईच्या डोंगरावर गेला आणि उतारावरनं सुसाट सुटला. गर्दीच्या अलीकडं तो ब्रेकवर उभाच राहिला. टायर किंचाळले, बॉनेटवरचा झेंडूचा हार तुटून उडाला. पण पट्ट्यानं नाथाजीला बोटभरही पुढं जाऊ दिलं नाही.

शिट्ट्या झाल्या. गुलाल उडाला. लालासाहेब स्वतः धावत आला.

"जितलास गड्या! वाटलं, काच फोडून भाईर येताय. पर दोघंबी जागचं हललं न्हाई!"

"दोघं?" नाथाजी हसतच म्हणाला. "अंजना तर तुमच्यात हाय."

समोरच्या गर्दीत अंजना ओवाळायचं ताट घेऊन उभी होती.

नाथाजीनं डावीकडं पाहिलं. सीट रिकामी होती. पट्टा मात्र शेवटच्या भोकात अडकला होता, पुढं ताणून फुगला होता, आणि नुकत्याच वाचलेल्या माणसाच्या छातीसारखा वर-खाली होत होता.