उलटा हात

प्राची दाराआड उभी राहून सासऱ्यांचा हात कुठे जातो ते बघत होती. गॅलरीच्या ग्रिलवर तिने मुद्दाम चिमूटभर रांगोळी भुरभुरवून ठेवली होती. आज सोक्षमोक्ष लागणार होता.

परशुरामराव नेहमीसारखे आले. नेहमीसारखाच उजवा हात उलटा करून त्यांनी बोटांची मागची बाजू ग्रिलला टेकवली. रांगोळी बोटांना चिकटली. ती त्यांनी लेंग्याला पुसली आणि पेपर घेऊन खुर्चीत जाऊन बसले. एका शब्दाने बोलले नाहीत.

म्हणजे धूळ नव्हे. मग हा माणूस रोज सकाळी बघतो तरी काय?

लग्न होऊन डोंबिवलीच्या या घरात आल्याला तिला पाच महिने झाले होते. कपडे वाळत घालायचं काम तिचं. तिने बादली उचलली रे उचलली की बाबा उठायचे, तिच्या आधी गॅलरीत जायचे आणि ग्रिलला उलटा हात लावून यायचे. तळहात मळू नये म्हणून उलटा, असं प्राचीने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. सुनेचं काम तपासायचं, पण स्वतःचा हात खराब करायचा नाही. तेव्हापासून ती बिचारी रोज ओल्या फडक्याने ग्रिल लख्ख पुसत होती. तरी तपासणी काही थांबेना. नवऱ्याला, म्हणजे संदेशला सांगितलं तर तो हसला. "अगं, सवय आहे त्यांची. मी लहान असल्यापासून बघतोय."

ती हसली नाही. "रोज परीक्षा द्यायला मी काय शाळेत आलेय? दिवाळी झाली की कल्याणला भाड्याने खोली बघू," असं तिने त्याला स्पष्ट सांगून टाकलं. संदेशने एजंटला फोनही केला.

या घरातलं आणखीही काही तिला उलगडत नव्हतं. सासूबाई भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढायच्या, पण गॅलरीचा एवढासा उंबरा ओलांडायचा म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे. आणि बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पस्तीस वर्षं वायरमन होते, तरी दिवाळी तोंडावर आली असताना अख्ख्या बिल्डिंगमध्ये दिव्यांची माळ नसलेली गॅलरी एकच, वायरमनची. "कंदील लावा आतल्या खिडकीत. माळ कशाला?" एवढंच ते म्हणायचे. खडवलीला तिच्या माहेरी पडवीलासुद्धा माळा असायच्या. पहिल्या दिवाळीला तरी माळ हवीच, असा हट्ट तिने धरला. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बाबा बाजारात गेलेले बघून संदेशने स्टेशनवरून आणलेली माळ ग्रिलवर चढवली. वाऱ्याने हलू नये म्हणून बारीक लोखंडी तारेने जागोजागी आवळून बांधली. बाजारातून आल्यावर बाबांनी माळ पाहिली. सुनेचा उजळलेला चेहराही पाहिला आणि माळ तशीच राहू दिली.

धनत्रयोदशीला सकाळी दहाच्या सुमारास प्राचीने बादली उचलली. माळ अजून लुकलुकत होती, बंद करायची राहून गेली होती. बाबा आंघोळीला गेले होते, म्हणजे आज तपासणी नाही. तिला बरं वाटलं. ओली चादर पिळून तिने ग्रिलकडे हात नेला.

"थांब."

ओले केस, खांद्यावर पंचा, अशा अवतारात बाबा मागे उभे होते. ते तिला वळसा घालून पुढे गेले, पायात गॅलरीतली रबरी चप्पल सरकवली आणि ग्रिलला उलटा हात टेकवला. टेकताक्षणी तो हात तापल्या तव्याला लागावा तसा झटकन मागे आला. बाबा आत गेले, आधी बटण बंद केलं, मग प्लग उपटला. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"कुठे बांधलीय बघ," ते म्हणाले. तार माळेच्या आवरणात रुतून आतल्या तांब्यापर्यंत गेली होती. "लोखंडाला माळ बांधायचीच नाही. बांधायचीच झाली तर सुतळीने, आणि लोखंडापासून हातभर लांब. सगळ्या ग्रिलमध्ये करंट उतरलाय."

प्राचीच्या हातातली चादर अजून गळत होती. "तुम्ही रोज हे बघायचात?"

"वरच्यांचा एसी आहे, केबलवाल्यांच्या वायरी आहेत. कोणाचं काय कधी टेकेल, सांगता येतं का?"

"आणि उलटा हात?"

"सरळ हाताने धरलं की मूठ आवळते, मग सुटत नाही. उलटा हात निदान मागे तरी येतो." त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्या सासूचा सुटत नव्हता. संदेश तेव्हा दोन वर्षांचा होता. लाकडी पाट मारून सोडवली तिला."

पाच महिने रोज सकाळी आपल्या आधी हा माणूस स्वतःचा हात पुढे करत होता, आणि आपण त्याच्यासाठी रांगोळी भुरभुरवून ठेवली. प्राचीला स्वतःची भयंकर लाज वाटली. कल्याणची खोली तिच्या मनातून तिथल्या तिथे उतरली. तिला रडू आलं, आणि रागही आला, कारण आज त्या हाताला काहीही होऊ शकलं असतं.

"अहो, पण बाबा, तुम्ही वायरमन ना? हात कशाला लावायचा? टेस्टरने बघायचं."

बाबा माळेची एकेक गाठ सोडवत राहिले.

"तेव्हा टेस्टरनेच बघितलं होतं," ते म्हणाले. "त्या वर्षी माळ मीच लावली होती."